पावडर कमी ठेवा

४ मार्च, सोमवार

पाणी मुरतंय. कुठे ते अजून कळत नाही, पण मुरतंय नक्की!

आज समितीच्या बाई आल्या होत्या, संध्याकाळच्या चर्चेला. मंत्र्यांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी जी समिती आहे, तिच्या या अध्यक्षा. विरोधी पक्षाच्या. गेल्या आठवड्यापासून सगळीकडे त्यांचंच चाललंय. आईच्या मागे राहिलेलं एक घर, त्याचा वरचा मजला दोन नर्सना भाड्याने दिलेला, आणि ते भाडं काही वर्षं कराच्या विवरणात दाखवलंच नाही. सापडल्या. कर भरला, वर दंड भरला, तरी आमच्या चॅनलच्या पट्टीवर अजून पळतंय — ‘करचुकवेगिरी’.

माझा बेस लावून झाला, मी पावडरचा पफ उचलला, तेवढ्यात नवी प्रोड्यूसर दारात. नुकतीच आलीय, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "पावडर कमी ठेवा. माणसाचा चेहरा माणसासारखा दिसू दे." आणि गेली.

मी पफ खाली ठेवला. हुकूम तो हुकूम. पण मग डोक्यात आलं — आजच का? आणि बाई खुर्चीत असतानाच का?

इतकी वर्षं मी या खोलीत लोकांची तोंडं रंगवतेय. पावडर नसली की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. दिवे लागले की कपाळ चकाकतं, वरच्या ओठावर थेंब जमतात, आणि घरी बसलेल्या माणसाला वाटतं — घाम फुटला, म्हणजे खोटं बोलतेय! तोच माणूस पावडर लावून बसवा. धुतल्या तांदळासारखा.

तसंच झालं. आमचा अँकर — त्याला सगळे तोफ म्हणतात — भाड्याच्या पावत्या मागत होता, आवाज चढवत होता, आणि कॅमेरा बाईंच्या नाकाजवळ. बाई रुमालाने ओठ टिपत होत्या. घरी आले तर हे घड्याळ उघडून बसलेले, डोळ्याला भिंग तसंच. म्हणाले, "तुमच्या बाईंना घाम फुटला बरं का आज."

आमच्या बाई कशाला? मला त्या आवडत नाहीत. खुर्चीत बसल्या की फोन कानाला, मान सारखी हलते, डोळ्यांची रेघ वाकडी जाते. जाताना ‘येते’ म्हणायचीसुद्धा पद्धत नाही. पण म्हणून हे असं?

५ मार्च, मंगळवार

प्रोड्यूसरला वरून कुणीतरी सांगितलं असणार. मालकांनी? ती म्हणते, मी अजून मालकांना भेटलेही नाही.

म्हणते!

६ मार्च, बुधवार

आज अर्थमंत्री.

या माणसाचं मला कौतुक वाटतं, लपवायचं काय त्यात. आत येताना आधी दारावर टकटक. मग, "ताई, गुडघा काय म्हणतो?" कधीतरी मी लंगडताना दिसले होते, तेव्हापासून एकदाही विसरले नाहीत. खुर्चीत बसले की डोळे मिटतात, मान सैल सोडतात. आंघोळ घालताना शहाणं मूल बसतं तसे. अशा चेहऱ्यावर हात आपोआप चालतो.

प्रोड्यूसर दारातून डोकावली, कमी हं, म्हणाली. मी मान डोलावली. पण यांची कातडी तेलकट, नाकाच्या बाजूंना लगेच चकाकते, ते मला ठाऊक. तिला काय ठाऊक? ज्याची त्याची कातडी बघून करावं लागतं. नेहमीसारखं केलं. ब्रेकमध्ये जाऊन दोनदा टिपूनही आले.

यांचंही प्रकरण आहेच की! बायकोच्या नावाने परदेशात कंपनी, जिथे कर जवळजवळ नाहीच अशा जागी. सल्ल्याची फी तिकडे जमा व्हायची. कर खात्याने पकडलं, मग दंड घेऊन गुपचूप मिटवलं. आणि ते कर खातं कुणाच्या हाताखाली? यांच्याच! बाईंच्या घरभाड्यासारखी शंभर घरं त्यात मावतील, असं संपादकच एकदा चहा घेताना म्हणाले होते. बाईंच्या समितीने त्याच मिटवामिटवीचे कागद मागवलेत. म्हणूनच तर! बाई खुर्चीवरून उतरल्या की ती चौकशी संपली. नवा अध्यक्ष सरकारचाच होणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

तोफ आज म्हणाला, "साहेब, विरोधकांचा एक आक्षेप आहे, त्यावर आपण काय सांगाल?" साहेब हसले. तो विषय केव्हाच मिटला, खासगी आहे, वकिलांचा गोंधळ होता. मग पुढची वीस मिनिटं नवे रस्ते. पट्टीवर ‘जुना कर-वाद निकाली’. बाईंची ती चुकवेगिरी, यांचा तो वाद!

चोर सोडून संन्याशाला फाशी. अर्थात बाई काही संन्यासी नाहीत.

८ मार्च, शुक्रवार

घरी जेवताना यांच्याशी वाजलं. हे म्हणतात, मोठ्या माणसाचे मोठे व्यवहार, दहा सल्लागार, त्यात चूक व्हायचीच. पण बाईंना साधं एका घराचं भाडं लिहिता येत नाही? आणि ही बाई दुसऱ्यांचे हिशेब तपासणार?

मी म्हटलं, म्हणजे थोडं चोरलं तर चोर आणि पोत्याने चोरलं तर चूक, असं का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

हे म्हणाले, "माझा कुठला आलाय तो बाब्या? मी त्याला मतही देत नाही."

हे मात्र खरं. देत नाहीत. मग तरी असं का बोलतात? मी विचारलं, तुम्ही घड्याळं दुरुस्त करता त्याचे सगळे पैसे दाखवता का कुठे? तर म्हणे, दोन पट्टे आणि एक सेल, त्यात काय दाखवायचं. भिंग लावून पुन्हा वाकले. यांच्याशी वाद म्हणजे भिंतीवर डोकं.

९ मार्च, शनिवार

आज डोळे उघडे ठेवून हिंडले. तोफेकडे नवी गाडी. कुणी विचारलं नसताना सांगत होता, कर्ज काढलंय म्हणून. प्रोड्यूसर लिफ्टपाशी मंत्र्यांच्या सेक्रेटरीशी बोलत होती. मला पाहिलं आणि गप्प. दिवेवाला म्हणाला, बाईंच्या बाजूचा दिवा पूर्वीइतकाच आहे, मी हात लावलेला नाही. मी विचारलंच नव्हतं!

सगळेच सामील दिसतात. कॅन्टीनवाला सोडून. त्याच्यावर संशय घ्यायला अजून कारण सापडलं नाही.

११ मार्च, सोमवार

बाई पुन्हा आल्या. शुक्रवारी त्यांच्या पक्षाची बैठक, अध्यक्षपद ठेवायचं की सोडायचं ते तिथे ठरणार. आज फोन नव्हता कानाला. नुसत्या बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, ते झाकायलाच माझा निम्मा वेळ गेला.

आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी फार अपराधी दिसते का हो?"

छान दिसताय म्हटलं. तर त्या हसल्या, आणि मग आपणहून बोलायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच! ते भाडं म्हणे त्यांचा भाऊ घ्यायचा. त्याची नोकरी सुटलेली, पिण्याचं निमित्त, घरात कुणाला सांगायची चोरी. नर्स त्याच्याच हातात पैसे द्यायच्या. घर मात्र बाईंच्या नावावर. "मला ते कधी माझं उत्पन्न वाटलंच नाही. तरी चूक माझीच. मीच दाखवायला हवं होतं." मी विचारलं, हे तुम्ही तिथे आत का सांगत नाही? म्हणाल्या, तो आता सुधारलाय, कामाला लागलाय. त्याचं नाव पट्टीवर आलं तर पुन्हा बसेल पीत.

माझ्या हातात पफ होता. लावावा का? हात पुढे गेलाही होता. तेवढ्यात बाहेरून प्रोड्यूसरचा आवाज ऐकू आला, आणि मी पफ डब्यात टाकला. नोकरी आहे बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर आहे.

ब्रेकमध्येही गेले नाही टिपायला. दाराशी टिश्यू हातात घेऊन उभी राहिले, आणि काचेतून बघत बसले. बाईंनी एकदा माझ्या दिशेने पाहिलं. त्यांना वाटलं असेल, येईल आता.

तोफ विचारत होता, "लोकांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?" बाईंच्या गालावरून घाम ओघळत होता.

१२ मार्च, मंगळवार

कालचा तो तुकडा कुणीतरी कापून, संथ करून सगळीकडे पसरवलाय. थेंब निघतो, गालावरून उतरतो, हनुवटीला लटकतो. खाली लिहिलंय — चोराच्या मनात चांदणं. यांनी जेवता जेवता मलाच दाखवला! मुलीचाही फोन, आई, तू बघितलंस का?

बघितलं. जवळून बघितलं.

आता बस्स. उद्या प्रोड्यूसरला तोंडावर विचारते. काढलं कामावरून तर काढू दे. माझ्या हाताने एका बाईचा बळी द्यायचा आणि मी मान खाली घालून ब्रश धुवायचे? हे मला जमणार नाही. तिने मालकांचं नाव घेतलं तर मालकांकडे जाईन. भीती वाटतेय, पण जाईन.

१३ मार्च, बुधवार

विचारलं.

मेकअपच्या खोलीत तिला बोलावलं, दार लावलं. म्हटलं, तू वयाने लहान आहेस म्हणून स्पष्ट विचारते, बाईंना पावडर कमी लावायला तुला कुणी सांगितलं? खरं सांग.

तिला काही कळेचना. मग म्हणाली, "बाईंना? मी सगळ्यांनाच सांगितलं होतं ना."

नवे कॅमेरे आलेत. जुन्या मापाने पावडर लावली तर तोंडं चुना फासल्यासारखी दिसतात. म्हणून चर्चेला येणाऱ्या प्रत्येकाला कमी, आणि ब्रेकमधलं टिपणं मात्र चालू ठेवायचं. दुसऱ्या पाळीची मुलगी तसंच करतेय. तोफसुद्धा कमीच लावून घेतो. "मंत्र्यांच्या वेळी तर मी मुद्दाम दारात येऊन सांगून गेले. तुम्ही मान डोलावलीत आणि नंतर थरावर थर. टिपायलाही सारख्या पळत होता. बाईंच्या वेळी एकदाही नाही."

मी म्हटलं, त्यांची कातडी तेलकट आहे.

ती म्हणाली, बाईंचीही तेलकटच आहे.

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला मालकांनी सांगितलंय. तुम्ही इतक्या जुन्या. मी नवी. मी घाबरून गप्प बसले." लिफ्टपाशी ती सेक्रेटरीला तेच विचारत होती म्हणे, की साहेबांनी स्वतःहून जास्त मेकअप मागितलाय का. तो म्हणाला होता, छे, त्यांना यातलं काही कळत नाही.

म्हणजे मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि ती माझ्यावर!

१४ मार्च, गुरुवार

आज सगळे ब्रश दोनदा धुतले.

सगळ्यांची गाडी पाहिली, लिफ्ट पाहिली, दिवा पाहिला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडले. मला कुणी छदाम दिला नाही. कुणी धमकावलं नाही. एका माणसाने गुडघ्याची चौकशी केली, एवढंच! आणि दुसरीने ‘येते’ म्हटलं नाही. तेवढ्यावर मी दोघांचा न्याय केला आणि मला त्याचा पत्ताही नाही.

नाही, पण ब्रेकमध्ये टिपायला का गेले नाही? हुकुमात ते नव्हतंच. ते मी माझं मीच ठरवलं. का, ते कितीही खोदलं तरी सापडत नाही. वाईट वाटत होतं मला त्यांचं, शपथेवर सांगते, आणि तरी मी दारात उभी राहिले.

बाईंना फोन करावासा वाटला. नंबर मिळाला असता. पण सांगणार काय — तुम्ही चोर दिसलात ते माझ्यामुळे? आणि त्यांनी भाडं दाखवलं नाही हे तर खरंच आहे. ते पावडरने थोडंच पुसलं जाणार होतं? पण निदान दोघं एका मापाने तरी मोजली गेली असती.

हे विचारत होते, बरं नाही का. गुडघा, म्हटलं.

१५ मार्च, शुक्रवार

बाईंनी अध्यक्षपद सोडलं. पक्षाच्या बैठकीत म्हणे कुणी भाड्याविषयी बोललंच नाही. तो घामाचा तुकडा लोकांच्या डोक्यातून जात नाही, निवडणुकीत महागात पडेल, एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी त्या स्वतःच्या घराच्या पायरीवर उभ्या राहून पत्रकारांशी बोलल्या. तोंडाला काहीही लावलेलं नव्हतं. भावाचं नाव आजही घेतलं नाही.

समितीवर आता सरकारी पक्षाचे गृहस्थ. आल्या आल्या सांगितलं, मंत्र्यांच्या जुन्या वैयक्तिक बाबी उकरण्यात समितीला रस नाही. कागद परत.

पट्टीवर ‘अखेर नैतिकतेचा विजय’. मी टीव्ही बंद केला. यांनी पुन्हा लावला, आवाज कमी करून.

१८ मार्च, सोमवार

आज मंत्र्यांची मोठी मुलाखत. सकाळपासूनच ठरवलं होतं.

टकटक. "ताई, गुडघा काय म्हणतो?" म्हटलं, आहे तसाच आहे, साहेब. त्यांनी डोळे मिटले. मी बेस लावला, हलकाच. पफला हात लावला नाही. उरकलं म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं. म्हणाले, आज लवकर झालं?

"नवे कॅमेरे आलेत, साहेब. आता सगळ्यांना कमीच."

"तुम्ही कराल ते बरोबर," म्हणाले, आणि उठले. इतका विश्वास! मी पाठ फिरवून ब्रश धुवायला घेतले.

टिपायलाही जाणार नव्हते. आता प्रोड्यूसर काय सांगते ते नाही, मी बाईंना जे केलं तेच, तेवढंच, तसंच. दिसू दे सगळ्यांना. एकदा तरी दोघं सारखी दिसू देत. सवयीने पफ हातात घेऊन मॉनिटरसमोर जाऊन उभी राहिले. तोफेने तो कंपनीचा प्रश्न विचारला, त्याच वेळी कपाळ चकाकायला लागलं. मग नाकाची बाजू. मग ओठावर थेंब. अगदी बाईंसारखंच.

पुढचं लिहवत नाही आज.

१९ मार्च, मंगळवार

ऑफिसचा फोन सकाळपासून वाजतोय. साहेबांना बरं नाही का? एवढा घाम! कुणीतरी फुलं पाठवली. पट्टीवर ‘प्रकृती साथ देत नसतानाही मंत्री कामावर’. तोच तुकडा संथ करून फिरतोय, तसाच थेंब, तशीच हनुवटी. यांनी भिंग काढून बघितला. म्हणाले, "किती राबतोय बघ बिचारा."

काल मॉनिटरसमोर साहेबांच्या गालावरून पहिला थेंब ओघळला, तेव्हा पफ माझ्याच हातात होता, तो लावायचा नाही हे मीच ठरवलेलं होतं — आणि तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की अरे, यांना कुणीतरी पाणी द्या.